बशीतलं पाणी

मलकापूरच्या पुढं डोंगराच्या कुशीत काजळवाडी आहे आणि काजळवाडीच्या डोक्यावर मातीचं धरण आहे. धरण म्हटलं की लोकांना लोखंडी दरवाजे, फेसाळलेलं पाणी आणि कठड्याला रेलून फोटो काढणारी पोरंटोरं आठवतात. काजळवाडीच्या धरणाला यातलं काही म्हणजे काही नाही. लांबून बघाल तर दोन डोंगरांच्या मध्ये कुणीतरी बांध घातलाय आणि घालता घालता तो जरा जास्तच उंच गेलाय, असं वाटेल. वर नुसतं गवत. पण खालच्या आठ गावांच्या नळाला येणारं पाणी याच बांधामागचं. भर मे महिन्यात इथं टँकर फिरकत नाही आणि या गोष्टीचा तोरा इथली माणसं तालुक्याच्या बाजारात उघड मिरवतात.

या धरणावर कृष्णात पोवारांनी छत्तीस वर्षं चौकीदारी केली. सगळं गाव त्यांना आबा म्हणतं. आबा निवृत्त झाले, पण त्यांच्या जागी पाटबंधारे खात्यानं कुणाला नेमलं नाही आणि नेमायची घाईही कुणाला झाली नाही, कारण निवृत्तीनंतरही रोज सकाळी सातच्या ठोक्याला आबा पिशवीत थर्मास आणि बशी घालून धरणाची वाट धरत. परत येताना गावातलं कुणी ना कुणी विचारायचंच, "आबा, धरण काय म्हणतंय?"

"निवळ हाय," आबा म्हणायचे.

एवढं ऐकलं की विचारणारा आपल्या कामाला लागायचा. दुसरीकडं लोक एकमेकांना जेवलासा काय म्हणून विचारतात, तसं काजळवाडीत हे.

ती बशी पांढरी, चिनी मातीची, कडेला टवका उडालेली. तिचा कप कधीच फुटला. धरणाच्या पायथ्याशी एक गटार आहे. मातीतून पाझरलेलं पाणी त्या गटारीत येतं आणि पत्र्याच्या एका खाचेतून खाली पडतं. खाचेतून किती पाणी पडतंय ते पट्टीवर बघायचं आणि रजिस्टरात लिहायचं, इतकंच खात्याचं काम. बशी खात्याची नव्हे, आबांची. खाचेखाली धरून ती भरायची, दगडावर ठेवायची आणि चहा प्यायचा. चहा संपेपर्यंत बशीकडं बघायचं नाही, हा नियम. चहा संपला की वाकून बघायचं. तळ पांढराशुभ्र दिसला की धरण ठीक. तळाला मातीची बारीक रेघ जरी बसली तरी समजायचं, आतून धरण झिजायला लागलं.

ही विद्या आबांना आण्णा मुकादमानं दिली. तेव्हा ते आबा नव्हते, चोवीस वर्षांचा नुसता कृष्णात होता आणि धरणाच्या कामावर घमेली वाहत होता. वीतभर मातीचा थर टाकायचा, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, मग वर दुसरा थर. मधोमध काळ्या चिकण मातीचा गाभा आणि त्याच्या दोन्ही अंगांना मुरमाड माती. धरणाच्या पोटात काय आहे हे कृष्णातला इंजिनियरपेक्षा जास्त माहीत होतं, कारण ते त्याच्या डोक्यावरून तिथं गेलं होतं. पहिल्या पावसाळ्यात धरण भरलं आणि पायथ्याशी पाणी झिरपायला लागलं, तेव्हा हा पठ्ठ्या "फुटलं, धरण फुटलं" करत मुकादमाच्या खोपटापर्यंत धावत गेला. आण्णा मुकादम बशीतून चहा ओढत बसले होते. ते हसून हसून लाल झाले. मग राहिलेला चहा त्यांनी एका घोटात संपवला, पायथ्याशी आले आणि ती बशी विसळून त्या पाण्यानं भरली.

"आरं खुळ्या, मातीचं धरण हाय ते, पितळंची घागर न्हवं. पाझरणारच की! पाझर वाईट नसतोय, गढूळ पाझर वाईट. निवळ पाणी आलं म्हंजी धरणाला घाम आलाय. गढूळ आलं म्हंजी त्येचं मांस झडाय लागलंय. तवा मातूर पळायचं. आन् घराकडं न्हाय पळायचं, हापिसाकडं पळायचं."

कृष्णात चौकीदार झाला तेव्हा आण्णांनी आणखी एक गोष्ट बजावली. धरणावर गवत चालतं, झाड चालत नाही. "मूळ पाण्याच्या वासानं आत शिरतंय. झाड वाढंल तसं मूळ माती ढिली करत जातंय. झाड मेलं तर त्येच्यापेक्षा वाईट. मूळ कुजतंय आन् आत नळी तयार हुती, नळ बसवल्यागत. तवा बोटाएवढं आसतानाच उपटायचं. दया करायची न्हाय."

कृष्णातनं दया केली नाही. बाभळ, करंज, धामण, पक्ष्यांनी टाकलेलं काय काय, सगळं तो बोटाएवढं असतानाच उपटायचा. खेकड्यांची बिळं शोधून चिकण मातीनं ठासून बुजवायचा. संध्याकाळी रजिस्टरात रकाने भरायचा. त्यातला एक रकाना होता 'झाडेझुडपे'. त्यापुढं तो वळणदार अक्षरात लिहायचा, 'निरंक'. सातवी शिकलेल्या माणसाला हा शब्द खात्यानं दिला होता आणि तो त्याला फार आवडायचा.

याच सुमारास तानाबाई लग्न होऊन आली. दुपारी ती भाकरी घेऊन धरणावर चढायची. बोलायला ती तिखट. "दुसऱ्यांचं मालक झाडं लावत्यात," ती म्हणायची, "आमचं मालक झाडं उपटून पगार घेत्यात!" धरणावर सावली नावाला नव्हती. डाव्या टोकाला, जिथं धरण डोंगराला टेकतं, तिथं डोंगराची सावली तासभर पडायची, म्हणून दोघं तिथंच उताराला बसून जेवायची. जूनमध्ये रानातली जांभळं ती ओट्यात भरून आणायची आणि गप्पा मारता मारता बिया तिथंच थुंकायची. "एक तरी झाड ऱ्हाऊ द्या की वो. सावलीत बसून जेवलो आसं तरी वाटंल." यावर कृष्णात आण्णा मुकादमाचं सगळं भाषण म्हणून दाखवायचा आणि तानाबाई ते तोंडपाठ झाल्यासारखं त्याच्याबरोबर म्हणायची.

पोरगी संयोगिता नऊ वर्षांची होती त्या साली तानाबाईच्या पोटात गाठ निघाली. कोल्हापूरला नेऊन ऑपरेशन केलं. तीन महिने ती घराबाहेर पडली नाही. कृष्णात एकटाच त्या टोकाला बसून जेवायचा, म्हणजे दोन घास गिळायचा. तिथंच एक दिवस त्याला वीतभर जांभळाचं रोप दिसलं. तांबूस, चकचकीत पानं. त्यानं हात घातला आणि परत घेतला. उद्या उपटू म्हणाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा उद्या म्हणाला.

दसऱ्याच्या आसपास तानाबाई पहिल्यांदा धरण चढली. चार ठिकाणी थांबत, कमरेवर हात ठेवत. टोकाला आली आणि रोप बघून तिथंच उभी राहिली.

"आन् ह्ये कसं ऱ्हायलं?"

"नजर चुकली," कृष्णात म्हणाला.

"तुमची?" तानाबाई म्हणाली आणि इतकी हसली, इतकी हसली की टाके दुखून खाली बसली. तीन महिन्यांत तिला असं हसताना त्यानं बघितलं नव्हतं. डोळे पुसत ती म्हणाली, "मग आता चुकूच द्या."

झालं. छत्तीस वर्षांच्या नोकरीत कृष्णातनं जी एक चूक केली ती ही. चूक करताना ती चूक आहे हे त्याला पुरतं ठाऊक होतं, हे इथं लपवण्यात अर्थ नाही.

आता साहेब तपासणीला येणार, त्यांना झाड दिसणार, त्याचं काय? धरणाच्या माथ्यावर ठरावीक अंतरावर दगड पुरलेले असतात, त्यावर लाल रंगात आकडे. पहिला दगड शून्याचा. तो दगड जिथं, तिथून धरण सुरू. त्याच्या अलीकडं सगळा डोंगर, आणि डोंगरावर झाड असलं तर कुणाच्या पोटात दुखायचं कारण नाही. एका रविवारी कृष्णातनं पहार घेतली, शून्याचा दगड उपसला आणि वीसेक पावलं पुढं नेऊन पुरला. जांभूळ डोंगरावर गेलं. पहिला आणि दुसरा दगड आता नको इतके जवळ आले होते, पण चोवीस-पंचवीस वर्षांत ते एकाही साहेबाच्या ध्यानात आलं नाही. साहेब लोक दगडावरचा आकडा बघतात, दगड बघत नाहीत. तपासणी शून्यापासून सुरू व्हायची आणि शेवटच्या दगडाशी वडा-रश्श्याच्या चौकशीनं संपायची. रकान्यात 'निरंक' लिहिताना कृष्णातचा हात पहिले काही दिवस अडखळला. मग सवय झाली.

बशीतलं निवळ पाणी ओतून देणं तानाबाईला पटायचं नाही. खाचेपासून जांभळापर्यंत दोनशे पावलं, तीही चढाची. ती बशी दोन्ही हातांत धरून, एक थेंब न सांडता तिथवर न्यायची आणि झाडाच्या बुंध्याशी ओतायची. बशीभर पाण्यानं झाडाचं काय होणार! पण जत्रेतल्या मानकऱ्यासारखी ती रुबाबात चालायची आणि कृष्णात मागून थर्मास घेऊन. झाड मोठं झालं. त्याच्या सावलीत जेवणं झाली, संयोगिताचा अभ्यास झाला, तिला बघायला आलेले पेठ वडगावचे पाव्हणे घरात उकडतंय म्हणून तिथंच येऊन बसले आणि लग्न तिथंच ठरलं. दर जूनला संयोगिता माहेरी आली की आधी झाडाकडं जायची, मग घराकडं. तानाबाईची बशी घेतलेली रुबाबदार चाल, खाली पडलेली जांभळं, संयोगिताची निळी जीभ, आबांना ते सगळं डोळे न मिटताही दिसतं.

आठ वर्षांपूर्वी तानाबाई गेली. ती गाठच पुन्हा उलटली. त्यानंतर बशी न्यायचं काम आबांकडं आलं. ते सुरुवातीला निम्मं पाणी वाटेत सांडायचे. पुढं हात बसला.

गेल्या वर्षी ऑक्टोबरात धरण काठोकाठ भरलं होतं तेव्हाची गोष्ट. खात्यानं तपासणीचे नवे फॉर्म काढले होते. ते भरायला अवंतिका मॅडम आल्या. कोल्हापूर शहरातल्या, वय सत्तावीस, तीन वर्षांपूर्वी नोकरीला लागलेल्या. पहिल्यांदा आल्या तेव्हा बशी बघून हसल्या होत्या. नंतर त्यांनी स्वतःच एक पांढरी बशी घेतली आणि जातील त्या धरणावर ती पिशवीतून काढायला लागल्या. कुणी विचारलं तर सांगायच्या, "माझ्या गुरूनं शिकवलंय." आबांना हे कुणीतरी येऊन सांगितलं तेव्हा ते दोन दिवस ताठ चालत होते.

त्या दिवशी मॅडम यंत्रानं धरण मोजत होत्या. तीनदा मोजलं आणि टोपी काढून आबांपाशी आल्या.

"आबा, एक गंमत झालीय. कागदावर धरण सहाशे दहा मीटर. माझ्या मोजणीत पाचशे शहाण्णव. चौदा मीटर धरण गेलं कुठं?"

पंचवीस वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदाच आला होता आणि तो विचारणारी पोरगी त्यांच्याकडं विश्वासानं बघत होती.

"यंत्राची चूक आसंल," आबा म्हणाले.

"तुम्ही म्हणताय म्हणजे तसंच असेल. जुन्या नकाशातही चुका असतात. मी तशी नोंद करते." त्यांनी तिथंच उभ्या उभ्या लिहिलं. आबांना वाटलं, हिनं संशय घेतला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणं खाचेचं पाणी बघून झालं. निवळ होतं. बशी घेऊन आबा जांभळाकडं निघाले. झाडाच्या खालच्या अंगाला पाय ठेवला आणि टाच मऊ जमिनीत रुतली. तिथलं घोंगडीएवढं गवत बाकीच्या गवतापेक्षा हिरवंगार होतं. गेले पंधरा दिवस आबा ते बघत होते आणि दव पडलंय म्हणून स्वतःची समजूत घालत होते. नऊ वाजता कसलं दव! त्यांनी टाचेनं खळगा केला. खळग्यात हळूहळू पाणी साठलं. आबांनी बशीतलं पाणी ओतलं, बशी त्या खळग्याशी धरली, भरली आणि दगडावर ठेवली. थर्मास रिकामा होता. तरीही चहा प्यायला लागतो तितका वेळ ते तोंड फिरवून बसले. मग वाकून बघितलं.

तळाला मातीची बारीक रेघ बसली होती.

बशी धुऊन पुन्हा भरली. पुन्हा रेघ. तिसऱ्यांदाही रेघच.

ते तडक निघाले ते घराच्या ओट्यावर आल्यावरच भानावर आले. आण्णा मुकादमानं सांगितलं होतं, घराकडं न्हाय पळायचं. पाय घराकडंच आले होते. त्यांनी पेठ वडगावला संयोगिताला फोन लावला आणि सगळं सांगितलं, दगडासकट. दगडाचं तिलाही आजच कळत होतं.

मग संयोगिता म्हणाली, "आबा, आईचं दुसरं काय ऱ्हायलंय आपल्याकडं? फोटो धड न्हाय तिचा. आन् तुमचं नाव? सारी दुनिया तुमचा दाखला देती. इतकी वर्षं काय झालं न्हाय, आणि थोडं दिवस काढा. मी दिवाळीला येतो, मग बघूया की."

"बघतो," म्हणून आबांनी फोन ठेवला. तिचं बोलणं त्यांना पटलं होतं. नव्हे, तेच ऐकायला तर फोन केला होता. झाड तोडलं की तानाबाई दुसऱ्यांदा जाणार, आणि दगडाचं सांगितलं की छत्तीस वर्षांच्या प्रत्येक 'निरंक'वर लोक थुंकणार. राहू दे. दिवाळीपर्यंत पाणी जरा उतरेलही.

समोरच्या नळावर शेजारच्या बनाबाई घागर भरत होत्या. नळाचं पाणी घागरीच्या काठावरून वाहून गल्लीत चाललं होतं. पलीकडं ओढ्याच्या काठाला अंगणवाडीची पोरं कसलंतरी गाणं बेंबीच्या देठापासून ओरडत होती. बनाबाईंनी घागर डोक्यावर घेतली आणि रोजच्यासारखं, आबांकडं न बघताच विचारलं, "आबा, धरण काय म्हणतंय?"

आबांनी तोंड उघडलं. दोन शब्द होते. रोजचे. ते काही केल्या बाहेर पडेनात.

बनाबाई वळल्या. "काय ओ? बोला की."

आबा उठले, पायांत चपला सरकवल्या आणि फाट्याकडं चालायला लागले. मलकापूरची एसटी लागलीच होती. हापिसात पोचले तेव्हा अवंतिका मॅडम टेबलावर कालचाच फॉर्म भरत होत्या. आबांनी खुर्चीवर बसायचं नाकारलं.

"मॅडम, तुमच्या यंत्राची चूक न्हवती. चौदा मीटर धरण मी चोरलंय." आणि मग एका दमात त्यांनी दगड, झाड आणि बशी सगळं सांगून टाकलं.

मॅडमचा चेहरा आधी गोंधळला, मग पांढरा पडला, मग लाल झाला. "मी काल तुमच्या शब्दावर सही केली, आबा," त्या म्हणाल्या. "फक्त तुमच्या शब्दावर." मग त्यांनी फोन उचलला. तासाभरात जीप धरणावर होती. संध्याकाळपर्यंत खालच्या व्हॉल्व्हमधून पाणी सोडायला सुरुवात झाली, पातळी मीटर-दीड मीटर उतरवायची ठरली. ओल्या जागेवर आधी वाळू, मग बारीक खडी, मग मोठी खडी असे थर अंथरले, म्हणजे पाणी येईल पण माती येणार नाही. दिवसाआड एक माणूस बघायला येऊ लागला. आबांशी कुणी बोललं नाही. गावात तर "देवमाणूस समजत हुतो" असं त्यांच्या कानावर पडेल इतक्या मोठ्यानं बोलणारेही निघाले. आबांनी ऐकून घेतलं. त्या माणसांचं काही चुकलं होतं असं त्यांना वाटलं नाही.

मार्चमध्ये पाणी खाली गेलं आणि झाड काढायचं ठरलं. नुसतं तोडून चालणार नव्हतं, मूळ न् मूळ उकरायचं होतं. संयोगिता आदल्या दिवशी आली. बापाशी ती धड बोलत नव्हती. ती झाडाखाली जाऊन बसली, बुंध्याला पाठ टेकून, आणि ऊन कलल्यावर डोळे सुजवून घरी आली. दुसऱ्या दिवशी थांबली नाही.

आबा थांबले. झाड आडवं झालं तेव्हा त्यांनी डोळे मिटले नाहीत. मग जेसीबीनं आजूबाजूची माती काढली आणि पुढचं काम टिकाव-खुरप्यानं हातानं करायचं होतं. सगळ्यात जाड मूळ मनगटाएवढं होतं. ते सरळ पाण्याच्या दिशेनं धरणाच्या पोटात शिरलं होतं. आबा स्वतः खड्ड्यात उतरून त्याच्या मागं मागं गेले. मूळ बारीक होत गेलं आणि काळ्या मातीच्या गाभ्याच्या जरा अलीकडं येऊन संपलं. तेवढ्यात वरून सावली पडली. अवंतिका मॅडम काठावर वाकून बघत होत्या.

"किती राहिलं होतं, आबा?" पाच महिन्यांत त्या पहिल्यांदा बोलल्या.

आबांनी मुळाचं टोक आणि काळी माती यांच्यामध्ये हात धरून दाखवला. वीतभर अंतर होतं.

"आणखी दोन-तीन पावसाळे," मॅडम हळूच म्हणाल्या. मग हात पुढं करून त्यांनी आबांना खड्ड्यातून वर घेतलं.

खड्डा भरायला काळी माती आली. वीतभर थर, पाणी, ठोकणी, मग दुसरा थर. आबांना कुणी सांगितलं नव्हतं, तरी त्यांनी डोक्यावर घमेलं घेतलं. कामावरची पोरं नको नको म्हणत होती. मान दुखली, श्वास लागला, पण ओल्या मातीच्या त्या वासानं त्यांना चोवीस वर्षांचं करून टाकलं. आण्णा मुकादमाच्या शिव्या ऐकू येतील की काय, असं वाटत राहिलं. शेवटी त्यांनी पहार मागून घेतली आणि शून्याचा दगड उपसून त्याच्या मूळच्या जागी नेऊन पुरला.

मॅडमनी जीपमधून रजिस्टर आणलं. आबांना वाटलं, आता त्या काहीतरी कडक लिहिणार. त्यांनी पेन आबांच्या हातात दिलं. "छत्तीस वर्षं तुम्ही लिहिलंय. हेही तुम्हीच लिहा."

आबांनी चष्मा लावला. 'झाडेझुडपे' या रकान्यापुढं त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं: 'जांभूळ. एक. वय पंचवीस वर्षे. मुळासह काढले.' जितं असताना त्या झाडाला कागदावर कधी जागा मिळाली नव्हती.

"कुणी लावलं, तेही हवं," मॅडम म्हणाल्या.

आबांना तानाबाईच्या ओट्यातली जांभळं आणि तिथंच थुंकलेल्या बिया आठवल्या आणि त्यांनी लिहिलं: 'कृष्णात पोवार.' तेवढं एक खोटं त्यांनी जाणूनबुजून लिहिलं आणि त्याबद्दल कुणी त्यांना बोल लावू नये.

यंदा पाऊस चांगला झाला. ऑक्टोबरात धरण पुन्हा काठोकाठ भरलं आणि आबा सातला निघाले. अवंतिका मॅडमही आल्या होत्या. झाडाच्या जागी आता बाकीच्या उतारासारखंच गवत आहे, आणि माहीत नसलेल्या माणसाला तिथं कधी काही होतं हे कळणार नाही. टाचेनं दाबून बघितलं, जमीन कडक होती. मग दोघं पायथ्याशी आली. आबांनी खाचेखाली बशी धरली, भरली, दगडावर ठेवली. थर्मासमधला चहा दोघांनी वाटून प्याला. चहा संपेपर्यंत दोघांनीही बशीकडं बघितलं नाही.

"काय म्हणतंय धरण?" मॅडमनी विचारलं.

आबा वाकले. कितीतरी वेळ बघत राहिले. तळ पांढराशुभ्र होता, टवक्याजवळची जुनी चीरसुद्धा स्पष्ट दिसत होती.

"निवळ हाय," आबा म्हणाले.

मॅडमनी रजिस्टरात लिहून घेतलं आणि त्या सांडव्याकडं गेल्या. आबांनी सवयीनं बशी दोन्ही हातांत उचलली, एक थेंब न सांडता डाव्या टोकाकडं वळले आणि दोन पावलं चालून थांबले. बशी भरलेली होती. ती आता कुठं ओतायची, ते त्यांना कळेना.